खाल्ल्या मिठाला

हरणालाही मीठ लागतं, हे ऐकून आमचे कॅशियर म्हणाले, “का हो, लोणचं घालतात की काय?” वास्तविक चितळ नराची शिंगं गळतात आणि नवी उगवतात, त्यासाठी कॅल्शियम, फॉस्फरस हवं. पाल्यात सोडियमही बेताचंच. म्हणून स्वारी खारी माती चाटते. ती कमी पडेल तिथे मिठाची, खनिजांची वीट ठेवतात.

वीट निवडणं सोपं. जागा निवडणं म्हणजे मुलीला स्थळ पाहणं! झुडपाला खेटून ठेवली, तर वाघाला आयतं ताट. कायम एकाच जागी ठेवली, तर एकाचा रोग कळपाला. आणि आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या बोर अभयारण्याच्या अगदी काठावर ठेवली, तर मीठ चाटून मंडळी थेट शेजारच्या हरभऱ्यात! मीठ सरकारचं, हरभरा शेतकऱ्याचा आणि थकलेल्या पीककर्जाची फाईल माझ्या टेबलावर.

१९७२ च्या कायद्याने परवानेवाल्या शिकाऱ्यालाही चाटणावर आलेलं जनावर मारायला बंदी केली होती. १९९१ साली ते परवानेच गेले. मीठ दाखवून दगा नको, एवढं कायद्यालाही कळलं. मग शेतकऱ्याशी तरी का करावा? खाल्ल्या मिठाला हरणाने जागावं, ही अपेक्षाच नाही. जागायचं ते अन्न खाणाऱ्या आपण. तेव्हा वीट जंगलाच्या पोटात ठेवा, बाप्पा!