दिवसापुरते माहेर

सॅन फ्रान्सिस्कोहून परत आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो पुलाविषयी. "गोल्डन गेट पाहिलात ना?" पाहिला म्हणायचा. १९३७ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या त्या जगप्रसिद्ध पुलाच्या टोकाशी मी धाकट्या बहिणीचा स्वेटर घालून, भर मे महिन्यात कुडकुडत, अर्धा तास उभी होते. धुक्याने त्याचे मनोरे गिळून टाकले होते. चार-दोन तांबडे दोर तेवढे दिसत होते. मी त्यांनाच नमस्कार केला आणि परत फिरले.

त्या शहराचे जे चित्र माझ्या मनात राहिले ते वेगळेच आहे. एका इमारतीपुढे एक गाडी उभी आहे, तिची यंत्राची पायरी हळूहळू खाली येते आहे, आणि त्या पायरीवर उभी असलेली एक चिनी आजीबाई ड्रायव्हरचा हात घट्ट धरून त्याला काहीतरी विचारते आहे. तिचा प्रश्न मला मागाहून समजला. पण त्याआधी आमच्या घरची हकिगत सांगायला हवी. नाही तर पूल सोडून मी म्हाताऱ्यांच्या गाडीपाशी का रेंगाळले हे वाचकांना कळायचे नाही.

आम्ही पुण्याचे. माझ्या सासूबाई शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर आमच्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ निघाला, त्याच्या त्या अगदी पहिल्या सभासदांपैकी एक. संघाचे एक विरंगुळा केंद्र आहे. सकाळी योगासने, संध्याकाळी गप्पांचा कट्टा, गुरुवारी भजन, महिन्यातून एकदा रक्तदाबाची तपासणी, कोजागरीला मसाला दूध. सासूबाईंची पर्स खांद्याला लागली की समजावे, निघाल्या केंद्रावर. म्हातारपण असावे तर असे, असे मी कॉलेजातल्या मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगत असे.

दोन वर्षांपूर्वी भजनात त्यांची कडवी चुकू लागली. चहाची वर्गणी त्या दोनदा देऊ लागल्या. एके दिवशी केंद्रातून निघाल्या त्या तीन तासांनी भलत्याच रस्त्यावर सापडल्या. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. पुढच्याच आठवड्यात संघाचे चिटणीस घरी आले. भला गृहस्थ. चहा घेतला, पावसावर बोलले, आणि उठताना दारात म्हणाले, "आजींना आता घरीच विश्रांती द्या. आमच्याकडे त्यांच्याकडे बघणार कोण?"

त्यांचे चुकले असे मला म्हणता येईना. केंद्र होते हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी. पण म्हणजे झाले असे, की ज्या दिवशी आधाराची गरज लागली, नेमके त्याच दिवशी आधाराचे दार बंद झाले.

त्यानंतरचे सगळे सांगत नाही. ज्यांच्या घरी असे दुखणे आहे त्यांना ते ठाऊक आहे. एकच सांगते, कारण ते लपवून हा लेख लिहिता येणार नाही. ठेवलेली बाई एका सकाळी आली नाही. हे गावाला गेलेले. माझे दोन तास लागोपाठ, आणि परीक्षा तोंडावर. मी सासूबाईंना जेवायला वाढले, गॅसची टाकी बंद केली आणि बाहेरून कुलूप लावून कॉलेजला गेले. परत आले तेव्हा त्या खिडकीच्या गजांना धरून उभ्या होत्या आणि खाली समोरच्या सोसायटीचा रखवालदार त्यांच्याशी बोलत उभा होता. "बाई, दोन तास झाले, शाळेला उशीर झाला म्हणून रडताहेत," तो म्हणाला. मी त्याच्याकडे वर मान करून पाहिले नाही.

अशात बहिणीने फ्रीमाँटला घर घेतले आणि वास्तुशांतीला बोलावले. हे म्हणाले, "तू जा. पंधरा दिवस आईकडे मी बघतो." पंधरा दिवस हा आकडा त्यांनी किती सहज उच्चारला होता! गेले. पहिल्या रात्री सलग नऊ तास झोपले. एक कान जागा न ठेवता झोपण्याची सवयच मोडली होती. सकाळी उठले ती अपराध्यासारखी.

बहिणीची शेजारीण चिनी वंशाची. वास्तुशांतीचा शिरा खाता खाता माझ्या सासूबाईंचा विषय निघाला. ती म्हणाली, "माझी आई रोज एका ठिकाणी जाते आणि संध्याकाळी घरी येते. पाहायचंय? मी विचारून ठेवते."

फ्रीमाँटहून शहरात जाणारी 'बार्ट' नावाची आगगाडी खाडीच्या पाण्याखालून जाते. वर आल्यावर चढच चढ. या शहरातले रस्ते भिंतीला टेकवून ठेवलेल्या शिडीसारखे आहेत. स्टॉक्टन स्ट्रीटवर पोचले आणि मंडईची आठवण झाली. फुटपाथवर आलेली भाजीची खोकी, उलट्या टांगलेल्या भाजक्या बदकांच्या रांगा, आणि पालेभाजीची एकेक जुडी हातात तोलून पाहणाऱ्या म्हाताऱ्या. घासाघीस कँटोनीजमध्ये चालली होती; पण घासाघिशीला भाषा कुठे लागते?

त्या गर्दीत म्हातारे मात्र फार. शेजारणीने त्याचे कारण सांगितले. सोन्याच्या खाणींसाठी आणि मग १८६० नंतर रेल्वेच्या कामासाठी चिनी पुरुष इथे आले. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले. तो कायदा १९४३ पर्यंत टिकला. बायकामुले मागेच राहिली. कित्येकांनी सारा जन्म एका खोलीत काढला. खोली कसली, एक खाट आणि एक खुर्ची मावेल एवढी जागा. स्वयंपाकघर आणि मोरी सगळ्या मजल्याला मिळून एक. तिथे तसल्या खोल्या अजून आहेत. "तुमच्याकडे मुलंसुना बघतात," ती म्हणाली. मी गप्प राहिले. कुलपाची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती.

१९७० च्या सुमारास या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे करायचे काय, असा प्रश्न उभा राहिला. डॉ. विल्यम गी नावाच्या दंतवैद्याने पुढाकार घेतला. सरळ उपाय दिसत होता तो नर्सिंग होम बांधण्याचा. त्याचा अंदाज काढण्यासाठी मेरी-लुईस आन्साक या समाजसेविकेला नेमले. तिने पाहणी केली आणि उलटाच सल्ला दिला : नर्सिंग होम परवडणार नाही, आणि या लोकांना ते मानवणारही नाही. आपली गल्ली, आपली भाषा, आपला भात सोडून ते कुठे जाणार? तिच्या डोळ्यांपुढे इंग्लंडमधला नमुना होता. ऑक्सफर्डच्या काउली रोड इस्पितळात डॉ. लायोनेल कोझिन यांनी १९५८ साली वृद्धांसाठी दिवसाचे इस्पितळ उघडले होते. दिवसा या, उपचार घ्या, रात्री आपल्या घरी झोपा. त्याच धर्तीवर १९७१ मध्ये संस्था स्थापन झाली आणि १९७३ मध्ये पहिले दिवसकेंद्र उघडले, तेही पूर्वी नाइटक्लब असलेल्या जागेत! संस्थेचे नाव 'ऑन लोक'. त्यात 'लोक' पाहून मला उगीच आपलेपणा वाटला. पण कँटोनीजमध्ये 'ऑन' म्हणजे शांती आणि 'लोक' म्हणजे आनंद.

आम्ही पोचलो तेव्हाच ती गाडी आली आणि ती आजीबाई उतरली. आत शेजारणीची आई खुर्चीत बसून पंधरा-वीस जणांबरोबर हात वर-खाली करत होती. एका टेबलावर माजाँगच्या सोंगट्यांचा खळखळाट. शेजारच्या खोलीत दोन दांड्यांच्या मधून एक आजोबा पावले टाकत होते. पाचवे पाऊल पडल्यावर त्यांनी विजयी मुद्रेने सभोवार पाहिले. पलीकडे दवाखाना, डॉक्टर, परिचारिका. एका कोपऱ्यात मंद उजेड आणि मागे रेलायच्या खुर्च्या. ज्याला गलबला सोसत नाही त्याने तिथे बसावे. जेवणात मऊ भाताची पेज. ज्यांना गिळायला त्रास त्यांची ताटे निराळी.

योगासने आणि भजन आमच्याकडेही होते. मग फरक कशात? मी दिवसभर तोच शोधत होते. इथे कोणीही 'स्वतः येऊ-जाऊ शकणारा' नव्हता. वय किमान पंचावन्न हवे, आणि नर्सिंग होममध्ये ठेवावे लागेल इतकी अवस्था बिकट आहे असा सरकारचा निर्वाळा हवा, तेव्हा इथे प्रवेश. आमचे केंद्र ज्या ठिकाणी संपते तिथून हे सुरू होते. आणायला गाडी, मोरीपर्यंत हात धरणारे माणूस, गिळता येईल असे जेवण, औषधांची नोंद. आणि या सगळ्यांहून मोठी गोष्ट म्हणजे लक्ष ठेवणारे डोळे.

ते डोळे कोणाचे, हे ऐकून मला नवल वाटले. रुग्णाविषयी ठरवणाऱ्या मंडळात डॉक्टर, परिचारिका, समाजसेविका, व्यायाम शिकवणारा आणि आहारतज्ज्ञ यांच्या बरोबरीने गाडीचा ड्रायव्हरही असतो. शोभेला नव्हे, नियमच तसा आहे. कारण घराचे दार रोज तो पाहतो. आजी काल कालच्याच कपड्यांत होत्या, आज पायरी उतरताना दोनदा थांबल्या, हे डॉक्टरांच्या आधी त्याला दिसते.

पैशाची व्यवस्थाही ऐकण्यासारखी आहे. १९८३ पासून सरकार या संस्थेला माणशी दरमहा ठरावीक रक्कम देते. त्यात औषधपाण्यापासून इस्पितळापर्यंत सगळे संस्थेने भागवायचे. म्हणजे आजी पडून तिचे हाड मोडले तर भुर्दंड संस्थेला. साहजिकच आजी पडू नये म्हणून संस्था धडपडते. धर्म आणि हिशेब एकाच वाटेने चालताना मी क्वचितच पाहिले आहेत. हा नमुना पुढे इतर शहरांनी उचलला आणि १९९७ च्या कायद्याने तो कायमचा झाला. सगळे गोड आहे असे नव्हे. ज्यांचे उत्पन्न सरकारी मर्यादेच्या वर आहे त्यांना पदरचे पैसे भरून हे परवडणे कठीण, असे शेजारीणच म्हणाली.

निघताना मी तिला विचारले, "सकाळी त्या आजीबाई ड्रायव्हरला काय विचारत होत्या?"

ती हसली. "रोज तेच विचारतात. 'संध्याकाळी घरी ना?'"

परतीच्या गाडीत पाण्याखालच्या अंधारात मला तोच प्रश्न ऐकू येत होता. आपण आईवडिलांना 'कुठे तरी ठेवणे' या शब्दांनाच भितो, आणि त्या भीतीपोटी त्यांना घरात कोंडतो. माहेरी गेलेल्या मुलीला कोणी टाकून दिली म्हणत नाही. कारण ती परत येणार हे ठरलेले असते. केरळात अशा जागांना 'पकलवीडु' म्हणतात, म्हणजे दिवसाचे घर, हे मला परत आल्यावर कळले. मी मनात त्याला दिवसापुरते माहेर म्हणू लागले.

पुण्याला पोचले तर हे चार किलो उतरलेले. पिशवी खाली ठेवण्याआधीच म्हणाले, "तू हे दोन वर्षं कसं केलंस?" त्या वाक्यासाठी मी आणखी एकदा अमेरिकेला जाईन.

पुढच्याच रविवारी आम्ही दोघे संघाच्या सभेला गेलो. केंद्राचा हॉल अकरा ते तीन रिकामा असतो. आठवड्यातून दोन दिवस तो द्या, एवढीच मागणी. "हे विरंगुळा केंद्र आहे, दवाखाना नव्हे," एक सभासद म्हणाले. "कुणी पडलं तर जबाबदार कोण?" दुसरे म्हणाले. प्रश्न रास्त होते. तेव्हा मागच्या रांगेतून सत्तरीच्या एक बाई उठल्या. नोकरीत असताना त्या परिचारिका होत्या. "आज आपण योगासनं करतोय," त्या म्हणाल्या, "पाच वर्षांनी यातले किती जण बाहेरच्या बाकावर असणार आहोत? त्या दिवशी आपलंच केंद्र आपल्याला घरी बसा म्हणणार का?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग चिटणीसांनी स्वतःच ठराव मांडला.

पहिले दोन महिने मोरीतच गेले. उंबरा काढला, कमोड बसवला, भिंतीला दांडी लावली, आतली कडी काढून टाकली. त्या बाईंनी चार सभासदांना हात कसा धरायचा, खुर्चीतून कसे उठवायचे ते शिकवले. प्रत्येक घराने डॉक्टरांची चिठ्ठी आणि दूरध्वनी क्रमांक दिले. जेवण ज्याचे त्याने डब्यात आणायचे. रिक्षा आणि मदतनीस बाईचा पगार सहा घरांनी वाटून घ्यायचा. आमच्याकडे डॉक्टर नाही, व्यायामाच्या दांड्या नाहीत, सरकारचा पैसा नाही. 'ऑन लोक'च्या शेजारी ठेवले तर हे भातुकलीचे खेळणे आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे दहा कोटींवर होती. आम्ही सांभाळतो सहा. पण त्या सहा घरांतल्या सहा जणी मंगळवारी आणि शुक्रवारी चार तास मोकळा श्वास घेतात. जणीच म्हणते, कारण सहाही घरांत हे काम बाईकडेच आहे.

ड्रायव्हरची गोष्ट मी सभेत सांगितली होती, तेव्हा लोक हसले होते. ऑगस्टात एका शुक्रवारी आमचे रिक्षावाले काका सासूबाईंना दारात उतरवून म्हणाले, "ताई, आजींचा डावा पाय सुजलाय. मंगळवारी चप्पल बसत होती, आज बसली नाही." आम्ही दोघे त्याच घरात राहतो, आणि आम्हाला ते दिसले नव्हते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

सासूबाई केंद्राला शाळा म्हणतात. पर्स पुन्हा खांद्याला लागते. रिक्षात बसताना त्या काकांना दर वेळी विचारतात, "संध्याकाळी घरी ना?" तीन वाजता परतायचे असते, पण काका न चुकता सांगतात, "हो बाई, संध्याकाळी घरी."

गणपतीत केंद्र बंद होते. मंगळवारी सकाळी त्या पर्स घेऊन उंबऱ्यापाशी खुर्चीवर येऊन बसल्या. "आई, आज सुट्टी आहे," मी म्हटले.

"असं?" त्या थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिल्या. मग पर्स मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मग उद्या वर्ग जास्तीचा घ्यावा लागेल."