अमानत परत काढून पाहावी

'बॅकअप आहे का?' असं कुणालाही विचारलं की उत्तर येतं, 'आहे ना!' मग 'त्यातून शेवटची फाइल परत कधी काढली होती?' असं विचारलं की माणूस गप्प होतो. जपून ठेवणं वेगळं आणि वेळेला परत काढता येणं वेगळं. २०२५ च्या शेवटी आपल्याकडच्या अनेक जमातींना हा फरक कळला.

त्या वर्षी ६ जूनला केंद्र सरकारने 'उम्मीद' पोर्टल सुरू केलं. वक्फ दुरुस्ती कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या वक्फ मिळकतींचा तपशील सहा महिन्यांत त्यावर चढवायचा होता. १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला आणि अडचण असणाऱ्यांनी ट्रिब्युनलकडे जावं असं सांगितलं. त्या कायद्यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण आजचा विषय तो नाही. विषय आहे कागदांचा. नाशिक जिल्हा जुन्या मुंबई राज्यातला, म्हणून आपल्या बऱ्याच मशिदी-कब्रस्तानांच्या नोंदी १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे झाल्या होत्या. ते उतारे, सातबारे, फेरफार कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत पडून होते. पोर्टल आलं आणि पेट्या उघडल्या.

आमच्या पिंपळगाव बसवंतच्या परिसरातल्या एका लहानशा जमातीचे कागद मी संगणकावर सांभाळतो. वर्षाच्या सुरुवातीलाच ते स्कॅन करून ठेवले होते. कब्रस्तानाच्या नोंदणीच्या जुन्या उताऱ्याला वाळवी लागली होती. स्कॅन केला तेव्हा अक्षर लागत होतं. पावसाळा संपेपर्यंत मधल्या घडीचा भुगा झाला. म्हणजे ती स्कॅन केलेली फाइल हाच आता उतारा होता.

नोव्हेंबरात जमातीचे सदर चाचा लॅपटॉप घेऊन आले. म्हणाले, 'बेटा, इसमें तो कोरा पन्ना है.' खरंच कोरं पान होतं. ऑगस्टमध्ये कुणीतरी दुसरं काहीतरी स्कॅन करताना तेच नाव दिलं होतं आणि नवी रिकामी फाइल जुनीच्या जागी जाऊन बसली होती. ऑनलाइन फोल्डरमध्ये पाहिलं, तिथेही कोरं पान. पेन ड्राइव्हवर पाहिलं, तिथेही तेच. एका जागी बदल झाला की सगळीकडे तोच बदल करायचा, हेच तर त्या सोयीचं काम. चूकही इमानदारीने सगळीकडे पोचली होती.

अशा वेळी लागते ती जुन्या तारखेची प्रत. मी यासाठी 'रेस्टिक' नावाचं मोफत, खुल्या स्रोताचं साधन वापरतो. जर्मनीतल्या अलेक्झांडर नॉयमान यांनी ते सुरू केलं. त्याला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. पाहून माणूस बिचकतो, पण हुकूम मोजकेच आहेत. ते इंग्रजीत टाइप करायचे असतात. इथे उच्चाराप्रमाणे लिहितो.

'स्नॅपशॉट्स' म्हटलं की आजवरच्या बॅकअपची यादी समोर येते. तारीख, वेळ आणि प्रत्येकाचा आठ अक्षरी क्रमांक. दुकानातली खातेवही उघडावी तसं. 'एलएस' म्हटलं की त्यातल्या एका तारखेला कोणत्या फाइली होत्या ते दिसतं. आणि 'फाइंड' पुढे फाइलचं नाव दिलं की ती कोणकोणत्या तारखांच्या प्रतीत आहे ते कळतं, हवं तर आकारासकट. आमचं काम इथेच झालं. ३१ जुलैपर्यंतच्या प्रतींमध्ये उताऱ्याचा आकार चार एमबी होता. ३१ ऑगस्टच्या प्रतीपासून पुढे अडतीस केबी. कोऱ्या पानाला वजन नसतं. कोणती तारीख मागायची ते आकड्यानेच सांगितलं.

मग 'रिस्टोअर'. जुलैच्या प्रतीचा क्रमांक, हवी असलेली एकच फाइल आणि ती कुठे ठेवायची ती जागा. ही जागा नेहमी वेगळी, रिकामी द्यावी. मूळ फोल्डरवरच सोडलं तर ऑगस्टनंतरचं चांगलं कामही जुन्याखाली दबू शकतं. आधी बाजूला काढायचं, उघडून वाचायचं, मगच जागेवर ठेवायचं. उतारा उघडला तेव्हा चाचांनी चष्मा लावून गट नंबर मोठ्याने वाचला, दोनदा वाचला. कब्रस्तानात त्यांचे वालिद आहेत, भाऊ आहे. त्यांच्यासाठी ती चार एमबीची फाइल नव्हती.

जुलैची प्रत उरली होती याला एक कारण आहे. जागा वाचवण्यासाठी रेस्टिकमध्ये जुन्या प्रती 'फॉरगेट' करता येतात, आणि किती ठेवायच्या ते आपण ठरवतो. नुसत्या शेवटच्या सात दिवसांच्या ठेवल्या असत्या तर नोव्हेंबरात सातही प्रतींत कोरं पान असतं. आमच्याकडे सात दिवसांच्या आणि शिवाय बारा महिन्यांची प्रत्येकी एक, अशा होत्या. कागदाची चूक त्याच आठवड्यात कळेल असं नसतं. ती बहुधा सरकार कागद मागतं तेव्हाच कळते.

हे फक्त आपल्या लहान जमातींचं दुखणं नाही. पिंपळगावच्या बाजारातला कांदा परदेशी निघतो तो मुंबई-आग्रा महामार्गाने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदराकडे. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाच्या विषाणूने मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले आणि जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. कंपनीकडे बहुतेक सर्व्हरचे बॅकअप होते. पण कोण वापरकर्ता आणि त्याला काय परवानगी, याची मुख्य नोंदवही ज्या यंत्रांवर होती, ती यंत्रं एकमेकांचीच प्रत ठेवत होती. एक गेलं की दुसऱ्यावरून घेऊ, असा हिशेब. एकाच वेळी सगळी गेली. वाचलं ते घानामधलं एक, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती! लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातलेल्या आपल्या लोकांना ही गोष्ट सांगितली की हसू येतं. पण एवढ्या मोठ्या कंपनीला घानातल्या त्या एका यंत्रातल्या प्रतीवरून पुन्हा उभं राहावं लागलं, हेही खरं.

आपल्याकडे जपणुकीची एक जुनी रीत आहे. हाफिजसाबांना सगळा कुरआन पाठ असतो, पण कुणी हाफिज 'मला पाठ आहे' म्हणून बसत नाही. रोजचा दौर असतो. रमजानात तरावीहमध्ये तो पढून दाखवायचा असतो आणि मागे सामे उभा असतो, अडखळलं की लुकमा द्यायला. खुद्द पैगंबर दर रमजानला हजरत जिब्रईल यांच्यासोबत कुरआनचा दौर करत आणि अखेरच्या वर्षी दोनदा केला, असं हदीसमध्ये आहे. पुढे यमामाच्या लढाईत अनेक कारी शहीद झाले, तेव्हा हजरत उमर यांच्या आग्रहावरून हजरत अबू बक्र यांनी तो लेखी एकत्र करवला. ती प्रत नंतर हजरत हफ्सा यांच्याकडे राहिली आणि हजरत उस्मान यांच्या काळात तिच्यावरूनच नकला करून शहराशहरांत पाठवल्या गेल्या. प्रती एकापेक्षा जास्त, वेगवेगळ्या ठिकाणी, आणि वरचेवर काढून पाहिलेल्या. संगणकवाले आज वेगळं काय सांगतात?

अमानतीचंही तसंच आहे. नुसती सांभाळली म्हणून हक्क अदा होत नाही; ज्याची त्याला परत देता आली पाहिजे.

म्हणून जमातींना, मदरशांना, आणि घरात निकाहनामे, दाखले, खरेदीखतं असणाऱ्या प्रत्येकाला दोन कामं सुचवतो. पहिलं म्हणजे शाबानमध्ये एक दिवस ठरवा. बॅकअपमधून तीन फाइली काढा, त्यातली एक तरी जुन्या महिन्यातली असू द्या, आणि उघडून वाचा. नाव दिसलं म्हणजे फाइल आहे असं समजू नका. नाव तर कोऱ्या पानालाही होतं.

दुसरं पासवर्डचं. रेस्टिकमध्ये सगळं कुलूपबंद असतं आणि पासवर्ड हरवला तर ते उघडण्याचा मार्ग कुणाकडेही नाही, बनवणाऱ्यांकडेही नाही. मात्र एकाच पेटीला अनेक किल्ल्या करता येतात, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. आमच्या त्या जमातीत आता तीन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, एक सेक्रेटरींकडे, आणि एक बंद पाकिटात चाचांच्या पत्र्याच्या पेटीत. पेटीत आता डांबराच्या गोळ्याही टाकल्या आहेत.