अर्ध्या किलोची उधारी

चिकनचा भुगा डब्यात भरून मी रविवारी भर बाराला दुकानात भांडायला गेलो होतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पुढचं फारसं कुणाला माहीत नाही.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत बत्तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे आला, म्हणजे मीच तो ओढून घेतला. बायकोचं म्हणणं, नाव तुमचं आणि भांडी माझी. ते असो. मुलीनं पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. मसाला लावून मुरवलेलं चिकन तव्यावर भाजायचं आणि वर ताज्या फळांचा साल्सा घालायचा. साल्सा म्हणजे स्पॅनिशमध्ये नुसता सॉस, पण बघितला तर आपली कोशिंबीरच की! कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि फळं. मार्च महिना होता. गाड्यांवर तासगावची द्राक्षं होती, आटपाडीची डाळिंबं होती. म्हटलं, असला पदार्थ सांगलीकरानं नाही करायचा तर कुणी करायचा?

व्हिडिओतल्या बाईनं चिकनच्या मसाल्यात अननसाचा डब्यातला रस ओतला होता. मला ते बघूनच कसंतरी झालं. डब्यातला कशाला? बाजारात केरळचा अननस चांगला वास मारत होता. मी अख्खा आणला. निम्मा साल्सासाठी ठेवला, निम्मा मिक्सरला लावला. त्यात दही, आलं-लसूण, हळद, मीठ आणि आमची कांदा-लसूण चटणी. शनिवारी संध्याकाळी किलोभर बोनलेस आणलं, बऱ्याचशा वाटणात ते कालवलं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. वाटीभर वाटण उरलं, तेही झाकून ठेवलं.

शनिवार महत्त्वाचा आहे. शनिवारी आमच्याकडं निम्मं गाव मारुतीचं असतं, चिकनच्या दुकानात माशा मारायची वेळ येते. हे डोक्यात कुठंतरी होतं.

रविवारी तवा तापवला, पहिला तुकडा टाकला आणि उलथन्यानं परतायला गेलो, तर तो दोन ठिकाणी तुटला. दुसरा उचलतानाच बोटांत पीठ झाला. चिकनला धागा असतो, दाताला तो लागतो. इथं धागाच नव्हता. पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तसं काहीतरी तव्यावर पसरलं होतं. चव घेतली तर कडू! बायको म्हणाली, ‘‘अहो, वास तर येत नाही. नासकं असतं तर वास आला असता.’’ पण मी तिचं ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. कडू लागतंय आणि विरघळतंय, म्हणजे शिळं. शनिवारचं न खपलेलं आपल्या गळ्यात मारलं. संपलं.

दुकानासमोर पंधरा-वीस माणसं रांगेत. मी रांग मोडून थेट ओट्यापाशी गेलो आणि डबा उघडून ठेवला. ‘‘हे काय दिलंस मला?’’ पोरगा तिशीतला. बापाच्या आजारपणानंतर तोच दुकान बघतो. त्यानं हातातला सुरा बाजूला ठेवला आणि डब्यात वाकून पाहिलं.

‘‘काका, तुमच्या म्होरंच काढली की पिंजऱ्यातनं. तुमी फोनवर बघत हुता.’’

हे खरं होतं. मी त्या वेळी तोच व्हिडिओ परत बघत होतो, मीठ किती ते. पण रांगेत पंधरा माणसं बघत असताना ‘होय, मी फोनमध्ये होतो’ असं कोण म्हणणार? मी आवाज चढवला. फ्रीजमधलं काढून दिलंस म्हणालो. बापाच्या वेळी असलं होत नव्हतं, असंही म्हणालो. मागून एकजण म्हणाला, ‘‘बघून घ्या रं बाबा,’’ आणि रांगेतली दोन माणसं निघून गेली. मी त्यांना जाताना पाहिलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी बरं वाटलं.

पोरगा वाद घालत बसला नाही. त्यानं पिंजऱ्यातनं एक कोंबडी काढली, या वेळी मुद्दाम माझ्या डोळ्यांसमोर कापली, अर्धा किलो बोनलेस काढून काळ्या पिशवीत दिलं. ‘‘पैसे नगं.’’

घरी येऊन मी त्या अर्ध्या किलोला उरलेलं वाटण चोपडलं. रात्री आठला तवा ठेवला. तेच. तोच भुगा, तीच कडू चव. सात तासांत.

बायको दारात उभी होती. ‘‘आता कुणाशी भांडायला जाणार?’’

मुलीनं फोनवर सांगितलं ते मला आधीच माहीत असायला हवं होतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. रात्रभर ठेवलं तर मांसाचा धागा खाऊन टाकतं, आणि दह्यातली प्रथिनं तुटली की कडूपणा येतो. डब्यातला रस तापवून भरलेला असतो, त्यामुळे त्यातलं एन्झाइम मेलेलं असतं. चौदाशे अंशांचं लोखंड ओतलेल्या माणसाला सत्तर-ऐंशी अंशांत काय मरतं हे कळू नये! आणि माझी आई? जून कोंबडा शिजत नसला की ती कच्च्या पपईची अंगठ्याएवढी फोड वाटून लावायची. तेही तासभरच, ‘जास्त ठेवलं तर चिखल हुतोय’ म्हणायची. पपईत पपेन असतं. नाव तिला माहीत नव्हतं, चिखल माहीत होता.

आमच्या फाउंड्रीत एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकानं अख्खा लॉट परत पाठवला होता. तुमचं कास्टिंग हार्ड आहे, टूलं तुटतात म्हणे. तपासलं तर टूल त्यांनीच चुकीचं बांधलं होतं. तोवर आमच्यातल्या दोघांना सगळ्यांसमोर बोलणी बसली होती, त्यातला एक मी. नंतर गिऱ्हाइकानं साहेबाला फोन करून दिलगिरी व्यक्त केली. फोनवर. आम्हाला नाही. तो राग मी वीस वर्षं सांभाळलाय.

तर मी माफी मागायला गेलो. गुरुवारी गेलो, कारण गुरुवारी दुकानात कुणी नसतं. अर्ध्या किलोचे पैसे पुढं केले, अननसाचं सगळं सांगितलं. पोरगा हसला. ‘‘राहू द्या की काका. अननसाचं आमालाबी ठावं नव्हतं.’’ पैसे घेतले नाहीत. मग सुरा पुसता पुसता म्हणाला, ‘‘त्या दिवशी दोघं गेलं बघा रांगेतनं. त्यातलं एक गिऱ्हाईक परत आलं. दुसरं नाही आलं अजून.’’ तक्रारीचा सूर नव्हता. मोजून ठेवल्यासारखं सांगितलं.

तो पदार्थ मी परत करणार नाही असं ठरवलं होतं. आता महिन्यातून एकदा होतोच. चिकनला दही आणि कांदा-लसूण चटणी, चार तास. अननस त्यात नाही, फक्त साल्सात, आणि तोही पानात वाढताना. द्राक्षं अर्धी कापून, डाळिंब, बारीक कांदा, हिरवी मिरची, लिंबू. वाटणात अननस हवाच असेल तर पाच मिनिटं उकळून गार करून घ्या, नाहीतर अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका. आणि काही झालं तरी कोंबडी कापताना फोन खिशात ठेवा. वजन करतानाही. चिकन धुतल्यावर त्यातलं पाणी निथळू न देता तोलतात, हे मी अजूनही म्हणतो, त्या पोराच्या दुकानातसुद्धा.

माफी रविवारी बारा वाजता, रांगेसमोर मागायला हवी होती. मी गुरुवारी मागितली. ते दुसरं गिऱ्हाईक अजून आलेलं नाही.