गळणाऱ्या तेलाचा माग

मोटारीचें चाक एका बोटानें फिरतें, हें आजच्या मुलांच्या इतकें अंगवळणी पडलें आहे कीं, तें तसें कां फिरतें हा प्रश्नच त्यांच्या मनांत उद्भवत नाहीं. ज्या पालकांनीं जुनी अँबॅसडर उभ्या जागीं वळविली असेल, त्यांच्या खांद्यांस मात्र या प्रश्नाचें महत्त्व ठाऊक आहे. पुढील चाकांवर एंजिनाचा भार असतो, रबर जमिनीस घट्ट धरून बसतें, आणि या दोहोंस मनुष्याच्या मनगटानें जिंकावयाचें असतें. हें काम तेलाच्या दाबाकडून करून घेण्याची युक्ति फ्रान्सिस डेव्हिस नांवाच्या अमेरिकन एंजिनिअरानें १९२६ सालीं मोटारीवर बसवून दाखविली. तथापि विक्रीच्या मोटारींत ती यावयास १९५१ साल उजाडलें. त्या वर्षीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या 'इंपीरियल' गाडीस ती प्रथम जोडली. त्यानंतर पंधरा वर्षांनीं बांधलेल्या एका गाडीखालीं आम्ही गेल्या उन्हाळ्यांत दोन दिवस पडून होतों, त्याची ही हकीकत.

आमचें वास्तव्य सध्यां अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, डिअरबॉर्न शहराजवळ आहे. फोर्ड कंपनीची मस्टँग गाडी १९६४ च्या एप्रिलांत लोकांपुढें आली, ती याच डिअरबॉर्नच्या कारखान्यांतून. आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई राहतात. त्या शिक्षिका होत्या, व नोकरीच्या आरंभींच्या पगारांतून त्यांनीं १९६६ सालची एक निळी मस्टँग घेतली. आज बाईंचें वय ऐंशीच्या पुढें गेलें आहे, बोटांचे सांधे संधिवातानें सुजलेले असतात. पण रविवारची बाजारहाट त्या त्याच गाडीनें करीत. गेल्या वसंतांत गाडीखालीं तांबड्या तेलाचे डाग पडूं लागले. चाक कण्हूं लागलें आणि जड झालें. एका कारागिरानें गाडी विकून टाका म्हणून सांगितलें. दुसऱ्यानें तेलाचें सारें लटांबर काढून गाडी साधी करून देण्याची तयारी दाखविली. त्यावर बाई एवढेंच म्हणाल्या, "मग ती चालवावयाची कोणीं?"

त्यांचें म्हणणें खरें होतें. तेलाचें साह्य असलेल्या मस्टँगच्या स्टिअरिंग-पेटींतील दात्यांचें प्रमाण १६ ला १ असे. साध्या गाडींत तें १९ ला १ असे. म्हणजे साह्याच्या गाडींत चाक कमी फिरवावें लागतें, पण तेल गेलें कीं तीच गाडी साध्या गाडीहूनही जड होते. तेल जपणें हाच बाईंच्या हातांना उपाय होता. शिवाय गळणारें तेल तापलेल्या धुराच्या नळीवर पडलें तर पेट घेण्याची भीति, ती वेगळीच.

आजच्या गाड्यांत हें साह्य पेटींत दडविलेलें असतें, किंवा विजेची मोटर तें काम करते. त्या मस्टँगमध्यें सारे अवयव उघड्यावर टांगलेले आहेत. एंजिनाच्या पट्ट्यानें फिरणारा पंप तेल एका झडपेकडे पाठवितो. चाक सरळ असतां झडप तें नुसतें परत लावून देते. चालकानें चाक वळविलें कीं झडपेंतील दांडी केंसभर सरकते आणि तेल एका नळकांड्याच्या एका अंगास शिरतें. उलट वळविलें कीं दुसऱ्या अंगास. नळकांड्यांत दट्ट्या असतो. रंगपंचमीची पितळी पिचकारी ज्यानें हातीं धरली आहे त्यास अधिक सांगणें नको. भेद इतकाच कीं, पिचकारींत आपण दट्ट्या ढकलून पाणी काढतों, आणि येथें तेलच दट्ट्यास ढकलूं पाहतें. पण दट्ट्याचा दांडा गाडीच्या सांगाड्यास जखडलेला असल्यामुळें दट्ट्या हालत नाहीं, नळकांडेंच सरकतें. आणि तें चाकांस जोडणाऱ्या आडव्या दांड्याशीं बांधलेलें असल्यानें चाकें वळतात. दांडा ज्या तोंडांतून बाहेर येतो तेथें रबराचें सील बसविलेलें असतें. पिचकारीच्या दट्ट्यास सूत गुंडाळून आपण जें साधतों तेंच काम त्याचें. मात्र आंतील दाब दर चौरस इंचास कित्येकशें पौंड.

थेंब नळकांड्याखालीं पडत, म्हणून गळतें तें नळकांडेंच, असें दोन्ही कारागिरांनीं ठरवून टाकलें होतें. पण तेल मोठें लबाड असतें. तें फुटतें एकीकडे, नळीच्या वा दांड्याच्या अंगावरून मुकाट्यानें ओघळत जातें, आणि थेंब होऊन पडतें भलतीकडेच. झडपेंतून किंवा नळीच्या सांध्यांतून निघालेलें तेलही याच जागीं पडूं शकलें असतें. म्हणून आम्हीं प्रथम पुढील चाकें उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर ठेविली. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें म्हणजे जिवाशीं खेळ. मग खालचे सर्व अवयव साबणाच्या पाण्यानें धुवून, कोरडे करून, त्यांवर अंगास लावण्याची पांढरी पावडर शिंपडली. बाई चाकापाशीं बसल्या व एंजिन सुरू करून चाक हळूहळू या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवूं लागल्या. आमची चौदा वर्षांची कन्या बाजूस पालथी पडून विजेरीचा झोत टाकीत होती.

"बाबा, झडप कोरडीच आहे," ती थोड्या वेळानें म्हणाली, "पण दांड्यावर बांगडी उमटली आहे पाहा."

आणि खरेंच, दांडा जेथें नळकांड्यांतून निघतो तेथें पांढऱ्या पावडरींत एक बारीक तांबडी बांगडी उठली होती. या खेपेस कारागिरांचा तर्क बरोबर निघाला. पण आतां तो तर्क राहिला नव्हता.

गळती थांबविणारें म्हणून एक औषध बाटल्यांतून मिळतें. तें तेलांत घातलें कीं रबर फुगतें आणि कांहीं काळ थेंब थांबतो. त्याबरोबर यंत्रांतील धड रबरही फुगतें, हें बाटलीवर कोणी छापीत नाहीं. आम्हांस या औषधांविषयीं मुळींच ममता नाहीं.

नळकांडें उतरविण्यापूर्वीं त्यास येणाऱ्या दोन नळ्यांना निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या बांधल्या. या नळ्यांची अदलाबदल झाली तर चालक डावीकडे वळवील आणि तेल उजवीकडे रेटील, इतका त्यांचा महिमा आहे. सांध्याचा निमुळता खिळा इतक्या वर्षांत घट्ट रुतून बसला होता; तो पुलर लावून काढावयास अर्धा दिवस गेला. नंतर नळकांडें व्हाइसमध्यें हलक्या हातानें धरलें, तोंडाचें स्प्रिंगचें कडें काढलें, आणि दांडा पूर्ण बाहेर ओढतांच आंतील चकत्या व जुनें सील त्याबरोबर बाहेर आलें. रबर खारकेइतकें कडक झालें होतें.

येथें खरी परीक्षा होती, आणि ती सीलाची नव्हे, दांड्याची. सीलांचा संच स्वस्त मिळतो. पण दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवें सील कांहीं दिवसांतच खरवडून निघतें. मिशिगनांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तें मीठ लोखंडास वाळवीसारखें खातें. आंतील दट्ट्याचीही दुरुस्ती होत नाहीं, कारण नळकांड्याचें दुसरें टोक कारखान्यांतच कायमचें बंद केलेलें असतें. दांडा गेला म्हणजे सारें नळकांडेंच गेलें. आम्हीं तो स्वच्छ पुसून उन्हांत धरला व नख लांबीच्या दिशेनें आणि आडवें, दोन्ही रीतींनीं फिरविलें. एका जागीं फिकट रेघ दिसत होती, पण नख तेथें अडेना. बाईंनींही आपलें सुजलेलें बोट त्यावरून फिरविलें. "मी हिला हिंवाळ्यांत कधीं बाहेर काढली नाहीं," त्या म्हणाल्या. ती रेघ आम्हीं अति बारीक घासकापडानें गोलाकार घासून घालविली.

नव्या सीलास पातळ ओठ असतो, तो तेलाच्या बाजूस तोंड करून बसवावा लागतो. म्हणजे दाब जसा वाढेल तसा ओठ दांड्यास अधिकच घट्ट धरतो. उलटा बसला तर तेलच त्यास उचलून वाट काढतें. दांड्याच्या टोकास आटे असतात, त्यांच्या धारेनें ओठ चिरूं नये म्हणून त्यांवर पातळ चिकटपट्टी गुंडाळली, सर्वांस तेल चोपडलें, आणि तोंडांत नेमकें मावणारें पोकळ सॉकेट टेकवून सील समतोल दाबलें. कडें खांचेंत बसल्याचा टक् असा आवाज कन्येनें प्रथम ऐकला.

सर्व जोडल्यावर आंत कोंडलेली हवा काढावयाची राहिली. पुढील चाकें उचललेलींच ठेवून, आधीं एंजिन बंद असतां व मग सुरू करून, चाक पुष्कळ वेळां दोन्हीकडे फिरविलें. मध्यंतरीं तेल पुन्हा भरलें. चाक अगदीं टोकास दाबून धरूं नये, तेथें पंपावर नाहक ताण पडतो. तेलांतील फेस हळूहळू नाहींसा झाला.

त्या रात्रीं गाडीखालीं एक कोरा पुठ्ठा घातला, आणि पुढें तीन आठवडे तो बदलला नाहीं. त्यावर एक पान व थोडी धूळ, एवढेंच जमलें. बाई रविवारीं पुन्हा बाजारास जाऊं लागल्या आहेत. जातांना खिडकींतून एक हात बाहेर काढून त्या आम्हांस हालवून दाखवितात, म्हणजे चाक दुसऱ्या एकाच हातांत असतें. पंप मात्र थंडींत अजून कुरकुरतो. तो उघडतांना विजेरी कोणीं धरावयाची, हें कन्येनें आतांच ठरवून टाकलें आहे.