पावरीण ३

फैजपूर, डिसेंबर २०२५

चि. बापू,


तुझा फोन आला तेव्हा मी स्लॅबवर होतो. मिक्सरच्या आवाजात एवढंच ऐकू आलं, "मामा, नवे कायदे आले, आता ठेकेदाराचं मरण." मरण कसलं? २१ नोव्हेंबरपासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात आपल्यासारख्याला सूटच जास्त. कंत्राटी मजुरांच्या परवान्याची अट महाराष्ट्राने आधीच २० वरून ५० माणसांवर नेली होती, आता ती देशभर झाली. तुझ्या साइटवर ५० माणसं स्लॅबच्या दिवशी तरी होतात का?

अंगावर येईल ते नियुक्तिपत्र. दहा माणसं असली की प्रत्येकाला कागद. नाक्यावरून सकाळी उचललेल्या मजुराला कसलं नियुक्तिपत्र, म्हणून तू हसलास. मीही हसलो असतो. पण परवा माळ्यावरून जुन्या हजेरीच्या वह्या काढल्या. गवंड्यांची नावं आहेत, सेंट्रिंगवाल्याचं आहे. घमेली वाहणाऱ्या पावरा आदिवासी बायांच्या जागी नुसतं 'पावरीण १, पावरीण २, पावरीण ३'. पुढे रेघा, बाजारासाठी दिलेली उचल. तीन नंबरच्या रेघा एका पानावर मध्येच थांबल्यात. का, ते आठवत नाही.

त्यांतलीच एक फॉर्म घेऊन आली होती. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा होता. त्यावर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते, मुलांना शिष्यवृत्ती मिळते. तिचे दिवस शंभरावर भरत होते. मी सही केली नाही. सही केली की १ टक्का उपकर मागायला माणूस येईल, असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. आणि विटेला हात न लावलेले लोक मंडळाचे भांड्यांचे संच घरी नेत होते, हे गावभर बोललं जात होतं.

आता नवी गंमत ऐक. स्वतःला राहायला बांधलेलं १० लाखांपर्यंतचं घर पूर्वी उपकरातून सुटायचं. संहितेने ती मर्यादा ५० लाख केली. मालक खूश. पण यावल-रावेरकडे ५० लाखांवरचं घर बांधतो कोण? केळीला भाव लागला त्या साली एखादा. म्हणजे आपण बांधतो ती बहुतेक घरं कायद्याच्या लेखी बांधकामच नाहीत. मग तिथले दिवस त्या ९० मध्ये धरायचे कसे? परांची तर तेवढीच उंच असते.

१९३६ साली आपल्या गावात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूंनी अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं, हे आपण शाळेपासून घोकतो. बांबू रोवणाऱ्यांचा मस्टर मला अजून कुणी दाखवलेला नाही.

तू छापील फॉर्मची वाट बघू नकोस. साधा कागद घे. नाव, गाव, काम, रोज, लावल्याची तारीख, खाली तुझी सही. एक प्रत मजूर बाईच्या हातात. आणि नाव तिलाच विचार. मुकादमाला विचारलंस तर तो आकडा सांगेल.

मामीने केळीचे वेफर्स पाठवलेत. डबा परत आण.

तुझा,
मामा