मोत्याची म्होरकी

पहाटे कुत्र्याला घेऊन निघालेली माणसे पाहिली, की कोण कोणाला फिरवते आहे, असा प्रश्न पडतो. जयपूरला मालवीयनगरात राहणाऱ्या माझ्या आत्याच्या बाबतीत उत्तर उघड होते. ती बासष्ट वर्षांची, आणि मोत्या म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेला धट्टाकट्टा गडी. आतोबा गेल्यापासून घरात दोघेच.

या शहरात ‘हेल्प इन सफरिंग’ ही संस्था १९९४ पासून भटक्या कुत्र्यांची नसबंदी करते, त्यांना रेबीजची लस टोचते. तरी गल्लोगल्ली राखणदार आहेतच. ते भुंकले, की मोत्या झेप घेई. अशाच एका हिसक्याने आत्या पडली, मनगट मोडले. मुलाचा मुंबईहून फोन आला, ‘‘आई, आता त्याला कुणाला तरी देऊन टाक.’’ आत्या काही बोलली नाही. पण त्या रात्री जेवलीही नाही.

मी पोहोचले, तेव्हा पशुवैद्यांनी तोंडावर चढवायचा पट्टा सुचवला होता. आत्या साताऱ्याकडची. पट्टा हातात घेऊन म्हणाली, ‘‘अगं, ही तर म्होरकी! तुझे आजोबा बेंदराला बैलांसाठी नवी आणायचे.’’

कल्पना तीच आहे. गळ्यातला पट्टा ओढला, की कुत्रा छातीचा जोर लावून उलट पुढे ओढतो. म्होरकीची दोरी हनुवटीखाली असते. ती ताणली, की तोंड वळते आणि तोंडामागे अंग. वेसणीसारखे नाक टोचणे यात नाही. हे मुसकेही नव्हे. कुत्र्याला तोंड उघडता येते, पाणी पिता येते, जीभ काढून धापा टाकता येतात. जयपूरच्या उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचे, कारण कुत्र्याचे अंग मुख्यतः धापांनीच थंड होते.

आत्याचा हात प्लास्टरमध्ये. म्हणून हात माझे आणि सूचना तिच्या. पहिले दोन दिवस नुसती नाकाची कडी धरायची आणि पलीकडून पनीरचा तुकडा दाखवायचा. मोत्या आपणहून तोंड घालू लागला. मग मानेचा पट्टा कानांच्या लगेच मागे, उंचावर बांधला. आत एक बोट जाईल इतपत घट्ट. नाकाची कडी त्याहून सैल, पण निसटून पडणार नाही अशी. सुरुवातीला त्याने पंजाने ओरबाडले, गालिच्यावर नाक घासले. ‘‘रागावू नकोस गं, लगेच चालायला लाव,’’ आत्या म्हणाली. चालू लागला, की विसरे. दहाव्या दिवशी आम्ही फाटकाबाहेर पडलो.

तुमच्याही घरी असा ओढाळ सोबती असेल, तर एवढे सांभाळा. म्होरकीला हिसका देऊ नका. मानेला इजा होते. दोरी आखूड ठेवा, म्हणजे कुत्रा धावत सुटणार नाही. घरी आल्यावर ती काढून ठेवा. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला ती बसत नाही. त्याला छातीचा पट्टाच बरा.

प्लास्टर निघाल्यावर दोरी आत्याच्या हाती आली. गल्लीतले कुत्रे आजही भुंकतात. ती दोरी हलकेच वळवते, मोत्याची नजर तिच्याकडे येते आणि दोघे पुढे जातात. मुलाने तो विषय पुन्हा काढला नाही. जोर कमी पडतो तेव्हा जनावर सोडून द्यावे लागते असे नाही; पुष्कळदा दोरी कुठे बांधायची, एवढेच बदलावे लागते.