कन्नौदची फरशी

कन्नौद म्हटले की गोव्यात समोरचा हमखास विचारतो, "ते अत्तरवाले?" नव्हे हो, ते उत्तर प्रदेशातले कन्नौज. कन्नौद मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, इंदूर-बैतूल रस्त्यावर. होळकर, शिंदे, पवारांबरोबर मराठी माणसे तिकडे गेली, त्यांतल्याच एका घरात माझी आत्या दिली.

गेल्या मे महिन्यात रजा टाकून तिच्याकडे गेलो, कारण ती माजघरात पडली होती. हाड शाबूत राहिले, पण अंगठ्याचे नख उखडले. कोटा फरशीचे सांधे जागोजागी फुटून खाचा पडल्या होत्या, त्यांत बोट अडकले. तिच्या मुलाचे म्हणणे, हे सगळे काढून गुळगुळीत टाइल्स घालू. आत्याची नजर आता अधू झाली आहे. ती म्हणाली, "अरे, या फरशीवर माझे पायच मला वाट दाखवतात. नवी घातलीत तर मी खरीच आंधळी होईन."

म्हटले, सांधेच तर भरायचेत! मी कारकून माणूस, त्यात कलाशाखेचा पदवीधर. सांध्यांतला मळ काढायला बाजारातून ॲसिडची बाटली आणली आणि देवघरापाशी ओतली. फस्सकन फेस आला. पुसून बघतो तर फरशीची चकाकी गेलेली, वर पांढुरका डाग! कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खाते. चिऱ्याच्या घरात वाढलेल्या मला हे कुठून ठाऊक असणार? (तुमच्याकडे ही फरशी असेल तर लिंबूसुद्धा जपून वापरा.) आत्याने तळपायाने ती जागा चाचपली. "खरखरीत झाले रे," एवढेच म्हणाली. मला तोंड लपवावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी गावातला मिस्तरी बोलावला. त्याने हॅकसॉच्या जुन्या पात्याने सांधे खोलवर खरवडले, ब्रशने धूळ काढली, पाणी शिंपडले आणि वरचे पाणी टिपून घेतले. सांधा कोरडा राहिला तर तो सिमेंटचे पाणी शोषतो आणि भरलेले सुटून येते. व्हाइट सिमेंट, बारीक चाळलेली रेती आणि फरशीला जुळेल इतका रंग कालवून रबराच्या तुकड्याने दाबून भरले. सांडलेले ओल्या फडक्याने लगेच पुसले. वर तीन दिवस ओले गोणपाट.

"आता कायमची काळजी मिटली ना?" मी विचारले. तो हसला. तिकडची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचे घर थोडे थोडे हलवते. आपल्या तांबड्या जमिनीला ही खोड नाही. त्याचे म्हणणे असे, की सांधा फुटतो म्हणून दगड वाचतो. सांधा दगडाहून कठीण केला तर दगडाला तडा जाईल. काही वर्षांनी पुन्हा भरायचे, त्यात लाज कसली?

भाच्याने टाइल्सचा विषय काढणाऱ्या आपल्या वडिलांना हे ऐकवले... आतेभावाने मान डोलावली. फरशी वाचली.

निघायच्या आदल्या रात्री आत्या पाणी प्यायला उठली. दिवा न लावताच चालत होती. माझ्या डागापाशी तिचे पाऊल थबकले.

"जागा आहेस का रे?" तिने अंधारातून विचारले. "तुझे हे खरखरीत बरे झाले हो. आता देवघर कुठे आले, ते चुकत नाही."